विसर्गाच्या गळ्यातली किल्ली

मुदखेड
९ मार्च १९८६

शेषेराव पाव्हण्यांना भुजंग मास्तराचा दंडवत. साष्टांग नव्हे, डावा गुडघा संपावर आहे.

पत्राचं कारण गंभीर आहे. माघात तू माझ्या खोलीवर मुक्कामाला आलास, माझ्या वाटणीचं पिठलं खाल्लंस, माझ्याच खाटेवर घोरलास. एवढं सगळं पाहुण्याच्या हक्कात बसतं. पण जाताना तू माझी छत्री घेऊन गेलास. ज्या वर्षी आभाळात ढग म्हणून दिसला नाही, त्या वर्षी एका संस्कृतच्या शिक्षकाची छत्री पळवणं, याला प्रायश्चित्त काय म्हणून मी जुने ग्रंथ चाळले. गायीच्या चोरीला आहे, सोन्याच्या चोरीला आहे, धान्याच्या चोरीला तर फारच तपशिलात आहे. अवर्षणात छत्री चोरण्याची कल्पना मात्र कुणा ऋषीला सुचलेली नाही. म्हणजे तू ऋषींच्या पुढे गेलास. अभिनंदन.

ओळख पटावी म्हणून सांगतो: काळी, वेताची मूठ, एका पाळीला निळ्या खणाचं ठिगळ. ते ठिगळ अक्कानं लावलेलं आहे. ती माझ्याशी बोलत होती तेव्हाची गोष्ट.

आता हसू नको. छत्री मला खरोखर लागते. शनिवारी शाळा सुटली की मी मोटार धरून जळकोटला जातो आणि आपल्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली बसतो. कोर्टाचा मनाई हुकूम मला पाठ आहे: प्रतिवादीनं सदर घरात, अंगणात व परसात प्रवेश करू नये. रस्त्याचा उल्लेख नाही, लिंबाचा नाही. मी हुकूम अक्षरशः पाळतो. पण यंदा लिंबाची सगळी पानं झडली आणि तो नुसता काटक्यांचा झाला आहे. मी उन्हात बसतो आणि माझं घर सावलीत बसतं.

माझी थोरली बहीण आणि तुझ्या गेलेल्या भावाची बायको, म्हणजे तुझी वैनी, ही दोन नाती एकाच बाईत आल्यामुळे तुझी अडचण मला कळते. म्हणून तू कुणाची बाजू घे असं मी म्हणत नाही. पण माझा गुन्हा काय, तर एका गवंड्याला घेऊन मी घराला मापाची टेप लावली. तेवढ्यात अमृतराव, आमचे चुलतभाऊ आणि गावाचे फुकट सल्लागार, तिथून गेले. जिल्हा नवा झाला, आता जळकोटला तहसील येणार, घरांना मोल येणार, ही आवई त्यांनीच गावभर नेलेली. त्यांनी अक्काच्या कानात घातलं, की मास्तर घर विकतोय. संपलं. ज्या बाईनं खुरपणीला जाऊन मला नांदेडच्या पाठशाळेत ठेवलं, तिनं माझ्यावर दावा लावला. तो उदगीरहून आता तुमच्या नव्या जिल्ह्याच्या लातुरात वर्ग झालाय.

हुकूम विसर्गाला मात्र लागू नाही. कुत्र्याचं नाव विसर्ग का, हे तू पुन्हा विचारू नकोस. त्याच्या कपाळावर एकाखाली एक दोन काळे ठिपके आहेत, यात माझा दोष नाही. गाव त्याला इसऱ्या म्हणतं. तो रस्ता ओलांडून येतो, माझ्या पायावर हनुवटी टेकतो, आणि तसाच घराकडे बघत राहतो. आम्ही दोघंही बघतो. अवग्रह मांजर येत नाही. ते ओसरीवर अंगाचं वेटोळं करून, ऽ असं, निजलेलं असतं. ऊन चढलं की घर हलायला लागतं रे. हवेच्या झळांत ते पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं, आणि मला वाटतं, आत्ता हे सुटून वाहत जाईल.

छत्री परत पाठव.

तुझा
भुजंग

•

लातूर
१५ मार्च

भुजंगा,

तुझी छत्री मी खाल्ली नाही. आमच्या घरात ती नाही, हे बायकोच्या डोक्यावर हात ठेवून लिहितो. छत्रीवरून तू ऋषींना त्रास दिलास, आता जरा त्यांना निजू दे.

मला कचेरीत टंचाईच्या टेबलावर बसवलंय. कोणत्या गावाला टँकर, किती खेपा, एवढंच बघून राहिलो. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, पाट्यांचा रंग अजून हाताला लागतो. फक्त पाणी तेवढं जुनंच, आणि तेही आटलेलं. लोक येतात, म्हणतात साहेब, जिल्हा दिला ते बरं केलं, आता त्यात एक विहीर घाला. मी साहेब नाही हे त्यांना सांगून सांगून माझाच घसा सुकतो.

जळकोटचा टँकर चालू आहे. वैनी रांगेत दोन घागरी धरतात. एक घरात जाते. दुसरी कुठं जाते ते मी टँकरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "बाई कुत्र्या-मांजराला पाजवती. मान्साला न्हाई आन हिला कुत्र्याचं." हे तुला सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

एक विचारू? ती टेप तू कशाला धरली होतीस, ते मलाही सांगितलं नाहीस, ते राहू दे. वैनीला का सांगत नाहीस? एक कारड टाकायला काय जातं?

शेषेराव

ता. क. – लिंबाला पालवी येईल आता. तोपर्यंत डोक्यावर टॉवेल घे. पंडिताला शोभत नाही, पण ऊन लागलेला पंडित त्याहून शोभत नाही.

•

मुदखेड
६ एप्रिल

पाव्हणं,

उठून उभा राहा आणि मग पुढे वाच. दावा फेटाळला. मनाई हुकूम रद्द. बसलिंगप्पा वकिलांचं पत्र काल हाती पडलं. त्यात ते लिहितात, "आमच्या मुद्देसूद युक्तिवादापुढे वादी पक्ष निरुत्तर झाला." निरुत्तर! काय शब्द आहे. मी तो तीनदा वाचला. मग शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले आणि गणिताच्या मास्तरांना न्यायदर्शन समजावून सांगितलं. ते पेढा संपेपर्यंत ऐकत होते.

तू टेपेबद्दल विचारलंस. सांगतो. माळवदाच्या छतावर मोठी टाकी बांधायची, तिच्यातून खाली चुलीपाशी नळ आणायचा. अक्कानं तोटी फिरवायची आणि पाणी पडायचं. दिवाळीला मी तिला डोळे मिटायला सांगणार होतो. आता तूच सांग, भेट आधी सांगून दिली तर ती भेट राहते का? आणि दावा लागल्यावर सांगितलं असतं, तर ती सफाई झाली असती. मी सफाई का द्यावी? तिनं मला ओळखायला नको होतं का?

असो. जिंकलेल्या माणसानं कुरकुर करू नये.

काल दुपारी पेपर तपासता तपासता डुलकी लागली. ही खोली रुळांच्या इतकी जवळ आहे, की माझ्या स्वप्नांत नेहमी शंटिंग चाललेलं असतं. काल एक मालगाडी आली. शेवटच्या उघड्या वाघिणीवर आपलं घर होतं. ओसरी, तुळस, धुणं वाळत घातलेल्या दोरीसकट. इंजिनानं ती वाघीण सोडली आणि गाडी पुढे गेली. घर हळूहळू, आवाज न करता, माझ्या फलाटापर्यंत आलं आणि थांबलं. दारात विसर्ग बसला होता. मी आत पाय टाकणार, तोच टी. सी. आला आणि म्हणाला, "आतून कुणी हाक मारली का तुम्हाला?" मी म्हणालो, हुकूम रद्द झालाय. तो म्हणाला, "ते बरोबर आहे. पण हाक मारली का?"

जागा झालो तर अवग्रहाच्या अंगाचा वास आला, शपथेवर सांगतो. उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा असतो तो.

पाडव्याला घरी जातोय. शाळेला सुटी आहे, पुढे दोन दिवस रजा टाकली आहे. गुढी मी स्वतः उभारीन. अक्काशी काय बोलायचं तेही ठरलंय. मी मोठ्या मनानं वागणार आहे.

तुझा विजयी
भुजंग

•

लातूर
८ एप्रिल

भुजंगा,

कारड तुला पाडव्याआधी मिळतं का नाही देव जाणे. मिळालं तर एवढं कर: एकटा जाऊ नको, मी ऐतवारी येतो, दोघं मिळून जाऊ. आणि जायचंच असेल तर मोठं मन मुदखेडला ठेवून जा. नेहमीच्या मनानं जा.

वकिलाच्या पत्रावर फार विसंबू नको.

शेषेराव

•

जळकोट
१२ एप्रिल

शेषेराव,

हे पत्र मी आपल्या अंगणात बसून लिहितोय. घरात बसून नव्हे. घर माझ्यासमोर आहे, कुलूपबंद आहे, आणि किल्ली माझ्या खिशात आहे. सगळं नीट सांगतो, नाही तर तुला वाटेल ऊन लागलं.

पाडव्याला मोटारीतून उतरलो. तिरू नदीचं पात्र कोरडं, नुसती वाळू चमकत होती. लांबून पाहिलं तर नदी भरून चाललीय असं वाटावं. त्या न वाहणाऱ्या नदीच्या काठाकाठानं चालत आलो. घराघरावर गुढ्या. मनात म्हटलं, आपल्या घरावर नसणार. तर वळणावरून पाहतो, आपल्या अंगणातही काहीतरी उभं आहे. काळी गुढी. असली गुढी मी जन्मात पाहिली नव्हती. जवळ गेलो तेव्हा कळलं: बाजेच्या खुराला बांधलेली छत्री. एका पाळीला निळं ठिगळ.

छत्रीखाली अक्का बसली होती. शेजारी ओलं फडकं गुंडाळलेली घागर, तीन धोंड्यांची चूल, एक गाठोडं. मांडीला लागून अवग्रह, ऽ. घराला कुलूप. विसर्ग मला पाहून असा धावत आला की स्वतःच्याच पायात अडकून पडला. त्याच्या गळ्यात सुतळी, आणि सुतळीत आपल्या दाराची किल्ली.

तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, ऊन लई हाय. आत का बसली न्हाईस?"

ती उठून उभी राहिली. माझ्यासाठी, शेषेराव. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "या मास्तर. तुमचं घर तुमच्या कुत्र्यापाशी दिलंय. मी कशाला हात लावला न्हाई. बघून घ्या."

"आन तू?"

"मी हारले न्हवं का? हारल्यालं मानूस उंबऱ्याच्या आत ऱ्हात न्हाई. आपल्या बापाच्या, आण्णाच्या वक्ताला चावडीवर निवाडा झाला की हारल्याली पार्टी दीस मावळायच्या आत बाहीर निघायची. म्या येळंवर निघाले."

मी तिला कायदा समजावून सांगितला. हुकूम उठला म्हणजे फक्त माझी बंदी उठली, तुला कुणी बाहेर काढलेलं नाही, तू इथंच राहायचं, पहिल्यासारखं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोरटानं मला दिलं न्हाई, मंजी तुमाला दिलं. मधी कुनाला देनार?"

अठ्ठावीस वर्षं संस्कृतासोबत मी तर्कही शिकवतोय. निरुत्तर हा शब्द वकिलांनी कुठे वापरला आणि तो लागू कुठे झाला, पाहा.

बरं म्हटलं, निदान दार तर उघडू. विसर्गाच्या गळ्यातली किल्ली सोडली, पायरीवर पाय ठेवला. मागून अक्का ओरडली, "थांबा! इतक्या दिसानं घरात पाय टाकायलाव, आन तसंच? भाकरतुकडा उतरून टाकल्याबिगर?"

तुला माहीत आहे, आमच्या घरात याला अपवाद नाही. मी पाठशाळेतून सुटीला यायचो तेव्हा दर वेळी ही दारात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी असायची. तोंडावरून ओवाळून तुकडा लांब फेकायची, पायावर पाणी घालायची, मग आत. मी आनंदानं म्हणालो, "मग ओवाळ की."

"कुठून ओवाळू? ओवाळनारी बाई उंबऱ्याच्या आतून लागती. मी भाईर हाय."

"मग आत जा आणि ओवाळ."

"मी आत कशी जाऊ? मी हारल्याली."

शेजारची पंचफुला भिंतीवरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "ह्यो काय घोळ लावलाव भैन-भावानं? मी येते, मी ओवाळते." अक्का म्हणाली, "शेजारनीच्या हातानं आमच्या घरात शिरायचं व्हय त्यानं? त्याची भैन मेली का?" पंचफुला कपाळाला हात लावून खाली उतरली.

म्हणून मी पायरीवरून माघारी आलो आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तेव्हापासून इथंच आहोत. हुकूम होता तेव्हा एक माणूस बाहेर होता. हुकूम उठला आणि दोन माणसं बाहेर आली. विसर्ग दारापाशी जातो, पंजानं खरवडतो, आमच्याकडे बघतो, परत येतो. अवग्रह तेवढं शहाणं. काल माळवदाच्या सवण्यातून, म्हणजे उजेडाच्या झरोक्यातून, आत उतरलं आणि आपल्या घरात राहतंय.

आता तू उत्तर दे. ही छत्री तुझ्याकडे होती. जळकोटहून ती मुदखेडला गेली, मुदखेडहून लातूरला, आणि लातूरहून इथं आली. छत्री आपल्या पायांनी फिरत नाही. अक्का लातूरला कधी आली होती? आणि वकिलाच्या पत्रावर विसंबू नको म्हणजे काय? कारड मला आज मिळालं. मुदखेडच्या पोस्टमननं ते मोटारीवाल्याच्या हाती धाडलं.

भुजंग

•

लातूर
१६ एप्रिल

भुजंगा,

ऐतवारी निघणार होतो, पण दोन टँकर बंद पडले आणि गावंच्या गावं कचेरीत येऊन बसली. रागावू नको. आता सगळं लिहितो. वैनीनं लिहू नको म्हणून सांगितलं होतं, पण तुम्ही दोघं उन्हात बसलात म्हटल्यावर कुणीतरी वचन मोडलंच पाहिजे.

कोर्टाच्या मागच्या एका तारखेला वैनी आमच्याकडे उतरल्या होत्या. डोक्यावर नुसता पदर. मी छत्री दिली. त्यांनी ठिगळ बघितलं, बोटानं चाचपलं, म्हणाल्या, "ही माझीच शिवण की हो भावजी." मग छत्री घेऊन गेल्या. तू शनिवारी लिंबाखाली यायचास तेव्हा त्या ती छत्री घरात दडवून ठेवायच्या. तुझ्यासमोर तुझ्या छत्रीत उभं राहायचं त्यांच्यानं होईना, आणि बाहेर येऊन तुला ती द्यावी तर तेही होईना. खिडकीच्या फटीतून त्या तुझ्या डोक्यावरचं ऊन बघत बसायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं.

निकालाच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्यासोबत कोर्टात गेलो. पिंपळाच्या पारावर बसलो होतो. शिपाई बाहेर आला आणि त्यानं पुकारा केला: केवळाबाई विरुद्ध भुजंग. तुमची दोघांची नावं, बापाच्या नावासकट, गळा काढून. मी म्हणालो, वैनी, उठा, तुमचं नाव आलं. त्या उठल्या नाहीत. शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं. तर म्हणतात, "भावजी, आण्णा दिवेलागनीला अशीच दोन्ही नावं घिऊन हाका मारायचे. केवळा, भुजंगा, जेवाया चला. मधी ह्ये इरुद्ध न्हवतं." तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्यांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली. दुपारचं ऊन पानांतून गळून त्या काळ्या कापडावर नाचत होतं, मला दिसत होतं. पण त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

आत, वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. तुझ्या बसलिंगप्पा वकिलानं चष्मासुद्धा डोळ्यांवर चढवला नव्हता. वाटलेले पेढे काही परत घेता येत नाहीत, तेव्हा ते विसर.

परत येताना मी त्यांना म्हणालो, भुजंगाला कळवतो, त्याला बरं वाटेल. तर म्हणाल्या, "न्हाई. त्याला वाटू द्या त्यो जिकला. जिकल्यालं मानूस घरी येतंय. दया केल्यालं येत न्हाई."

एवढं सगळं करून ती बाई घर सोडून अंगणात का बसली, ते मला आधी उमगलं नाही. नुसत्या चावडीच्या रिवाजानं नाही, भुजंगा. अमृतरावानं तिच्या मनात भरलंय, की घर विकून तू तिला तुझ्या रुळांजवळच्या खोलीत नेऊन ठेवशील. तिला वाटतं, आपण आपल्या पायानं निघालेलं बरं, कुणी हाताला धरून काढण्यापेक्षा. तू अजून तिला टाकीचं सांगितलेलं नाहीस.

शेषेराव

•

जळकोट
२० एप्रिल

शेषेराव,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून झाल्यावर मी बराच वेळ लिंबाखाली जाऊन बसलो. पालवी आली आहे रे त्याला. पाणी कुठून मिळालं कुणास ठाऊक. तांबूस, कोवळी, आरपार दिसणारी. तिथून मी घराकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. इतके महिने मी त्या खिडकीकडे बघत होतो आणि खिडकी माझ्याकडे बघत होती, हे मला एकदाही जाणवलं नाही. मी हुकूम पाठ करत होतो.

हेडमास्तरांना रजा वाढवण्याचा अर्ज आधीच धाडला होता. कारणाच्या जागी 'गृहप्रवेश' लिहिलं. ते उपरणं पाठवतील बहुतेक.

मग मी अंगणात आलो आणि उभ्याउभ्याच अक्काला टाकीचं सांगितलं. माळवदावर कुठे, नळ कसा येणार, तोटी चुलीच्या कोणत्या हाताला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग टेप धरताना का बोलला न्हाईत?" मी म्हणालो, तुला दिवाळीला दाखवायचं होतं. ती म्हणाली, "आसं व्हय." एवढंच. तिची बोटं विसर्गाच्या कानामागे खाजवत होती, ती तशीच चालू राहिली.

काल सकाळी मी परसाकडून भिंत चढलो. हो, या गुडघ्यानं. पंचफुलानं खालून ढुंगणाला आधार दिला, हे तुझ्यापाशीच राहू दे. मागच्या दाराला आतून नुसता अडसर लावलेला होता, दाराच्या वरच्या फटीतून हात घालून काढला. न ओवाळता आत गेलो, कारण ज्याला ओवाळून घ्यायचं होतं तो मी नव्हतोच. घरात इतकी शांतता होती, की घर पाण्याखाली आहे असं वाटलं. उजेड माळवदाच्या झरोक्यातून तिरका पडलेला, त्यात धूळ संथ पोहत होती, आणि धुळीखाली अवग्रह निजलं होतं. चुलीवर मी एक भाकर केली. तिला भाकर म्हणणं हे माझं धाडस आहे. आकार मराठवाड्याच्या नकाशासारखा होता, नव्या जिल्ह्यासकट.

पंचफुलाकडे आधीच किल्ली देऊन ठेवली होती, तिनं बाहेरून कुलूप काढलं. मी दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. एका हातात तुकडा, एका हातात तांब्या. म्हणालो, "अक्का, ये."

ती म्हणाली, "गड्यानं ओवाळत्यात व्हय?"

मी म्हणालो, "शास्त्रात मनाई कुठे सापडली नाही. सापडली असती तरी मी तुला सांगितली नसती."

पंचफुला इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अक्का हसली नाही, पण उठली. गाठोडं काखेत घेऊन, छत्री मिटून, पायरीपर्यंत आली. मी तिच्या तोंडावरून तुकडा उतरवला, तिच्या पायावर पाणी घातलं. किती भेगा आहेत त्या पायांना. पाणी खाली पोचलंच नाही. तुकडा जोरात फेकला तो रस्त्यापलीकडे, लिंबाखाली गेला. विसर्गानं एका झेपेत रस्ता ओलांडला, तो उचलला, चावला, थोडा वेळ विचार केला, आणि टाकून दिला. म्हणजे माझ्या भाकरीवर उतरवलेली इडापिडा कुत्रंसुद्धा घेईना. यावर अक्का हसली.

आत आली. गाठोडं खुंटीला लावलं. सगळं जागच्या जागी पाहत फिरली. मला वाटलं, संपलं, मिटलं. मी ओसरीवर बसून डोळे मिटले. मालगाडी निघून गेली होती, आणि घर फलाटाला लागलं होतं.

तेवढ्यात ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. पदर सारखा केला आणि विचारलं, "मास्तर, गिलासभर पानी घिऊ का?"

शेषेराव, घागर तिनं भरलेली. रांगेत ती उभी राहिली होती. चूल तिची, घर तिचं. ज्या पोराला तिनं ओंजळीनं पाणी पाजलं, त्याच्यासमोर ती परवानगीसाठी उभी होती, आणि मी हो म्हणेपर्यंत हात पुढे करत नव्हती.

मी उठून पाणी दिलं. ती प्यायली. "लई गार हाय," म्हणाली.

आज सकाळी भाकरी करायच्या आधी तिनं पीठ घेऊ का असं विचारलं. दुपारी आडवी होऊ का असं विचारलं.

घर मिळालं, दोन्ही जनावरं मिळाली, छत्रीही मिळाली. टाकी पावसाळ्याआधी बांधून घेईन. त्या कशाचीच मला काळजी नाही. अक्का मला भिते. ही भीती तिच्या मनातून कशी काढायची ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याचीच फार काळजी वाटते.

भुजंग